स्टँड-अप कॉमेडियन आणि दूरचित्रवाणी लेखक : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मंचावर उभे राहून हसवणे आणि पडद्यासाठी विनोद लिहिणे ही दोन्ही कामे करणाऱ्या माणसाला प्रयोगानंतर, कार्यशाळांत आणि पत्रांतून जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले जातात, ते येथे एकत्र केले आहेत. सुरुवातीचे प्रश्न नवख्यांचे आहेत. श्रेय, करार, चोरी असे गुंतागुंतीचे विषय पुढे येतात. एखाद्या प्रश्नाचे उत्तर दुसरीकडे अधिक नीट आले असेल, तर तेथला क्रमांक दिला आहे.

१. स्टँड-अप आणि नाटकातले विनोदी काम यांत नेमका फरक काय?

नाटकातला विनोदी नट दुसऱ्याने लिहिलेले वाक्य एका पात्राच्या तोंडून समोरच्या पात्राला ऐकवतो, आणि प्रेक्षक जणू तेथे नाहीतच हा संकेत दोन्ही बाजूंनी पाळला जातो. स्टँड-अपमध्ये कॉमेडियन स्वतःच्या नावाने थेट प्रेक्षकांशी बोलतो आणि मजकूरही बहुधा त्याचाच असतो. नाटकातला विनोद पडला तर दोष नाटककार, दिग्दर्शक आणि नट यांच्यात वाटून घेता येतो. स्टँड-अपमध्ये वाटेकरी कोणी नसतो. मात्र मंचावरचा तो 'मी'सुद्धा रचलेलाच असतो. घरी अबोल असणारा माणूस मंचावर भांडखोर असू शकतो. आपल्या या 'मी'चा स्वभाव काय, त्याला कशाचा राग येतो आणि तो काय कधीच बोलणार नाही, हे ठरायला काही वर्षे लागतात, आणि पुढे पात्रे लिहिताना हाच अभ्यास उपयोगी पडतो.

२. ओपन माइकला जायचे आहे, पण तेथे काय होते हेच माहीत नाही. आधी काय करावे?

ओपन माइक म्हणजे नाव नोंदवणाऱ्या कोणालाही तीन ते पाच मिनिटे देणारा प्रयोग. पहिल्या वेळी नाव न नोंदवता केवळ बघायला जावे. वेळ संपत आली की मागून दिवा दाखवतात. त्याचा अर्थ 'आवरते घ्या' असा असतो, आणि दिवा पाहूनही बोलत राहणारा माणूस आयोजकांच्या लक्षात राहतो तो नको त्या कारणासाठी. माइक स्टँडवरून काढलात तर स्टँड बाजूला सरकवावा, कारण समोर उभा असलेला रिकामा स्टँड प्रेक्षक आणि तुम्ही यांच्यामध्ये विनाकारण कुंपण घालतो.

आणखी एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. ओपन माइकच्या प्रेक्षकांत निम्मेअधिक लोक आपल्या पाळीची वाट पाहणारे कॉमेडियनच असतात. ते तुमच्याकडे पाहत असले तरी मनातल्या मनात स्वतःची पाच मिनिटे घोकत असतात. त्यांच्या शांततेवरून स्वतःची लायकी ठरवू नये.

३. पाच मिनिटांचा चांगला मजकूर तयार व्हायला किती दिवस लागतात?

हा हिशोब दिवसांत न करता प्रयोगांत करावा. महिनाभर घरी घासलेला मजकूर आणि पंधरा वेगवेगळ्या रात्री पंधरा वेगवेगळ्या प्रेक्षकांसमोर बोललेला मजकूर यांची बरोबरी होत नाही. एकाच ठिकाणी, ओळखीच्या लोकांसमोर आलेला हशा मोजू नये. उशिरा आलेला, थकलेला, दुसऱ्याच कॉमेडियनसाठी तिकीट काढलेला प्रेक्षक ज्या वाक्याला हसतो, ते वाक्य ठेवावे. अशी पाच मिनिटे जमायला बहुतेकांना वर्षाच्या आसपास लागते. ती जमली की ती तुमची ओळखपत्रे होतात, कारण पुढचे आयोजक आणि वाहिन्यांचे लोक सुरुवातीला तेवढीच पाहतात.

४. विनोद आधी कागदावर लिहावा की मंचावर बोलता बोलता घडू द्यावा?

दोन्ही पद्धतींनी उत्तम काम करणारे लोक आहेत. पण ज्यांना पुढे दूरचित्रवाणीसाठी लिहायचे आहे, त्यांनी कागदाची सवय लावून घ्यावी. कागद आणि मंच एकमेकांच्या चुका कशा दाखवतात, ते एका उदाहरणावरून पाहू. घड्याळ पुढे लावण्याच्या सवयीवरचा माझा पहिला खर्डा असा होता :

"मला नेहमी उशीर होतो म्हणून मी घड्याळ दहा मिनिटं पुढे लावलंय, पण ते पुढे आहे हे मला माहीत असल्यामुळे मग मी खरी वेळ किती असेल याचा हिशोब करत बसतो आणि त्यात माझी दहा मिनिटं वाया जातात."

वाचताना यात काही खटकत नाही, पण मंचावर हा मजकूर मेल्यासारखा पडला. 'हिशोब' हा शब्द फार आधी येऊन गुपित फोडतो. 'माहीत असल्यामुळे' हे स्पष्टीकरण प्रेक्षकांनी स्वतः जोडायची कडी त्यांच्या हातातून काढून घेते. सर्वांत मोठा घोटाळा मात्र शेवटी आहे. मराठी वाक्य स्वभावतः क्रियापदावर संपते आणि गंमतीचा शब्द बहुधा नाम असतो. त्यामुळे लोक 'दहा मिनिटं' ऐकून हसू लागण्याच्या क्षणी बोलणारा अजून 'वाया जातात' म्हणत असतो आणि स्वतःच्याच हशावर पाय देतो. क्रियापद आधी उरकून घेणे हा त्यावरचा एक उपाय आहे. सात-आठ प्रयोगांनंतर मजकूर असा झाला :

"उशीर होऊ नये म्हणून घड्याळ दहा मिनिटं पुढे लावलंय. आता खरे किती वाजले, हे मोजायला लागतात… दहा मिनिटं."

३६ शब्दांचे १८ झाले. 'दहा मिनिटं' दोनदा आले, पण दुसऱ्यांदा ते पंच म्हणून, म्हणजे हशा आणणारा शेवटचा शब्द म्हणून आले, आणि त्याच्यामागे एकही शब्द उरला नाही. कापायचा प्रत्येक शब्द मंचाने दाखवला. पण तो का कापायचा, हे मात्र कागदावर पाहिल्याशिवाय कळले नसते.

५. विनोद पडला, किंवा एखादा प्रेक्षक मध्येच बोलू लागला, तर काय करावे?

पडलेला विनोद समजावून सांगू नये आणि प्रेक्षकांवर रागावू नये. विनोद पडला हे सगळ्यांनी पाहिलेले असते. ते एका छोट्या वाक्यात मान्य करून पुढे गेले की सभागृह सैल होते. मध्येच बोलणाऱ्याच्या बाबतीत आधी तो काय बोलला ते सर्वांना ऐकू येईल असे मोठ्याने पुन्हा सांगावे. त्यामुळे विचार करायला दोन सेकंद मिळतात आणि मागच्या रांगेला प्रसंग कळतो. उत्तर पहिल्यांदा सौम्यच द्यावे, कारण कॉमेडियनच्या हातात माइक असतो आणि दुबळ्यावर तुटून पडणारा माणूस कोणालाच आवडत नाही. असे तात्कालिक विनोद त्या रात्रीपुरते असतात. छोट्या चित्रफितींमुळे त्यांना आज फार भाव आला असला, तरी लेखनाचा नमुना म्हणून त्यांचा उपयोग जवळजवळ शून्य आहे.

६. सुचलेले विनोद जपून कसे ठेवावेत?

शोधता येतील असे. या बाबतीत अमेरिकी कॉमेडियन फिलिस डिलर यांचा आदर्श घ्यावा. त्यांनी आपले विनोद टंकलिखित कार्डांवर विषयवार लावून ४८ खणांच्या पोलादी कपाटात ठेवले होते. ५२ हजारांहून अधिक कार्डांचा तो संग्रह आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. आज कपाटाची गरज नाही, पण विषय, तारीख, विनोद कोठे सादर केला आणि काय झाले, या चार नोंदी प्रत्येक विनोदापुढे असाव्यात. तारखेचे महत्त्व प्रश्न १३ वाचताना कळेल.

७. माझे वय चाळीसच्या पुढे आहे. आता सुरुवात करून काही होईल का?

आताच उल्लेख आलेल्या डिलर १९५५ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या 'पर्पल अनियन' क्लबात पहिल्यांदा मंचावर उभ्या राहिल्या, तेव्हा त्या ३७ वर्षांच्या आणि पाच मुलांच्या आई होत्या. अमेरिकी कॉमेडियन रॉडनी डेंजरफील्ड यांनी तरुणपणी हा व्यवसाय सोडून वर्षानुवर्षे विक्रेत्याचे काम केले आणि चाळिशीत परतून नाव कमावले. मंचावर वयाची अडचण होत नाही, उलट बोलायला विषय असतात. मालिकेचे लेखक एकत्र बसून लिहितात त्या खोलीतली (प्रश्न १०) खालची, धावपळीची पदे मात्र बहुधा तरुणांना दिली जातात, हे मान्य करूनच नियोजन करावे.

८. पैसे कधी मिळू लागतात? सुरुवातीला फुकट काम करावे का?

ओपन माइकला पैसे मिळत नाहीत आणि मागूही नयेत, कारण तेथे तुम्ही सराव करीत असता. पण प्रेक्षकांनी तिकीट काढलेले असेल, तुमचे नाव जाहिरातीत असेल आणि तुमचा मजकूर तयार असेल, तर 'तुम्हाला प्रसिद्धी मिळते आहे' हा मोबदला नव्हे. हा वाद जुना आहे. लॉस एंजेलिसचा 'कॉमेडी स्टोअर' क्लब १९७० च्या दशकात देशभर गाजत होता आणि तिकिटे व पेये यांवर त्याला उत्पन्नही होत होते. परंतु ही शिकण्याची जागा आहे, असे म्हणून कॉमेडियनना मानधन दिले जात नसे. १९७९ साली तेथल्या कॉमेडियननी संप केला, दारापुढे फलक घेऊन उभे राहिले आणि अखेरीस प्रत्येक सादरीकरणाला २५ डॉलर पदरात पाडून घेतले. पुढे दूरचित्रवाणीवर घराघरांत पोहोचलेले जे लेनो आणि डेव्हिड लेटरमन त्या संपात सामील होते.

केवळ मंचावर पोट भरणारे थोडेच असतात. बहुतेकांचे उत्पन्न क्लबातले प्रयोग, कंपन्यांचे कार्यक्रम, निवेदन, जाहिरातींचे लेखन आणि दूरचित्रवाणी अशा अनेक ओढ्यांतून येते. त्यांतल्या त्यात नियमित महिना देणारे काम म्हणून लेखनाकडे वळणारे पुष्कळ आहेत. या हेतूत लाजण्यासारखे काही नाही.

९. टीव्हीवर लेखक म्हणून घेताना मंचावरचा अनुभव धरतात का? नमुना म्हणून काय पाठवावे?

अनुभव धरतात, पण त्यावर निवड होत नाही, निवड पानांवर होते. रात्रीच्या गप्पांच्या कार्यक्रमांसाठी ताज्या घडामोडींवरचे विनोद आणि काही छोट्या कल्पना असा संच मागतात, आणि तो त्या सूत्रसंचालकाच्या तोंडी शोभेल असाच लिहावा लागतो. कथानक असलेल्या विनोदी मालिकेसाठी स्वतःची पूर्ण एपिसोडची संहिता लागते. सादरीकरणाची चित्रफीत सोबत जोडावी, पण संहितेऐवजी नव्हे. वाचणारा पहिल्या तीन-चार पानांत निर्णय घेतो. त्यामुळे पात्रांची ओळख करून देण्यात ती पाने खर्च करू नयेत, पात्रांना लगेच अडचणीत टाकावे.

१०. लेखकांच्या खोलीत दिवसभर नेमके काय चालते?

बाहेरून वाटते त्यापेक्षा विनोद कमी आणि वाद जास्त. आधी फळ्यावर गोष्ट मांडली जाते : कोणाला काय हवे आहे, आड काय येते, कोण खोटे बोलते, ते कधी उघडे पडते. हा सांगाडा पक्का झाल्यावर एका लेखकाला एपिसोड दिला जातो. त्याचा खर्डा परत खोलीत येतो आणि सर्व जण मिळून तो उलटापालटा करतात. मग नटांसह वाचन होते, आणि जेथे हशा अपेक्षित होता पण कागद उलटल्याचा आवाज आला, तेथे खूण होते.

या सामूहिक पद्धतीचा मोठा नमुना म्हणजे १९५० ते १९५४ या काळात अमेरिकेत सादर झालेला 'युअर शो ऑफ शोज'. दर आठवड्याला ९० मिनिटांचा हा कार्यक्रम थेट प्रक्षेपित होई, आणि त्याच्या लेखकांत मेल ब्रूक्स व नील सायमन होते. १९७५ पासून चालू असलेल्या 'सॅटर्डे नाइट लाइव्ह' या अमेरिकी प्रहसनांच्या कार्यक्रमाचा आठवडा तर वेळापत्रकासारखा पाठ करून ठेवावा असा आहे : सोमवारी कल्पना मांडायच्या, मंगळवारी रात्रभर लिहायचे, बुधवारी सर्वांसमोर वाचन, शनिवारी प्रेक्षकांसमोर रंगीत तालीम आणि त्यानंतर थेट प्रक्षेपण. रंगीत तालमीत गरजेपेक्षा अधिक प्रहसने होतात आणि प्रत्यक्ष प्रक्षेपणाच्या तास-दोन तास आधी त्यांतली काही गळतात. सर्वत्र अशी खोली असतेच असे नाही. ब्रिटनमध्ये एक-दोन लेखकांनी अख्खी मालिका लिहिण्याची परंपरा आहे. जॉन क्लीझ आणि कॉनी बूथ या दोघांनी लिहिलेल्या 'फॉल्टी टॉवर्स'चे १९७५ आणि १९७९ मिळून अवघे १२ एपिसोड आहेत.

स्टँड-अपमधून आलेल्या माणसाला खोलीतली शांतता झेपत नाही. मंचावर सेकंदाभरात उत्तर मिळते; खोलीत तुमचे वाक्य ऐकून समोरचा डोळे बारीक करतो, छताकडे पाहतो आणि 'हं, लिही' म्हणतो. हीच तेथली टाळी. पहिल्या काही आठवड्यांत मी मात्र हशे मोजत बसलो होतो. एकदा एका दृश्यात माझ्या वाक्याला सगळी खोली हसली आणि प्रमुख लेखकांनी तेच वाक्य खोडले. ते म्हणाले, "विनोद उत्तम आहे. फक्त तो बोलताना ती रडते आहे हे सगळे विसरले." त्यांचे बरोबर होते. दृश्याला लागणारी गोष्ट अडवून धरणारा विनोद, कितीही चांगला असला, तरी पाहुणाच असतो.

खोलीचा एक अलिखित नियमही सांगून ठेवतो. 'हे चालत नाही' असे म्हणायचे असेल, तर हातात पर्याय असावा. पर्याय नसेल तर थोडा वेळ गप्प बसावे. दुसऱ्या कोणालाही तेच वाटले असेल.

११. मी मंचावर हमखास हसवतो, पण माझी संहिता वाचून 'सगळी पात्रे तुमच्यासारखी बोलतात' असे सांगतात. काय चुकते?

या पानावरचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न माझ्या मते हाच आहे. मंचावर एकच तोंड असते आणि ते तुमचे असते. वर्षानुवर्षे प्रत्येक वाक्य त्याच तोंडाच्या मापाने शिवल्यामुळे हात तेच माप घेऊ लागतो. मालिकेत विनोद पात्राचा असावा लागतो. म्हणजे तो दुसऱ्या पात्राच्या तोंडी दिला तर मरायला हवा.

प्रश्न ४ मधले घड्याळ पुन्हा घेऊ. एका घरात तीन माणसे आहेत. चूक कधीही मान्य न करणारे निवृत्त अधिकारी उशिरा येतात आणि म्हणतात, "उशीर मला झालेला नाही. घड्याळ लवकर पोहोचलं." त्यांच्या पत्नी, ज्यांनी हे चाळीस वर्षे ऐकले आहे, पाहुण्यांना सांगतात, "यांचं घड्याळ दहा मिनिटं पुढे आहे. हे अजून वाटेत आहेत." आणि सासऱ्यांना घाबरणारे जावई विचारल्यावर पुटपुटतात, "घड्याळ पुढे गेलंय खरं, पण मला विचारून गेलेलं नाही." वस्तू एकच आहे, विषयही एकच आहे. पहिल्या वाक्यात अहंकार आहे, दुसऱ्यात मुरलेला कंटाळा आहे आणि तिसऱ्यात अंग काढून घेणे आहे. सासऱ्यांचे वाक्य जावयाला देऊन पाहा. ते उद्धट होते, विनोदी राहत नाही. मंचावरचा माझा मूळ विनोद तर या तिघांपैकी कोणालाच देता येत नाही, कारण तो स्वतःवर हसणाऱ्या माणसाचा आहे आणि या घरात तसे कोणी नाही.

स्वतःचा अनुभव पात्राला कसा द्यावा, याचे गाजलेले उदाहरण अमेरिकी कॉमेडियन आणि लेखक लॅरी डेव्हिड यांचे आहे. १९८४-८५ च्या हंगामात ते 'सॅटर्डे नाइट लाइव्ह'चे लेखक असताना त्यांचे लेखन जवळजवळ प्रक्षेपितच होत नसे. एकदा संतापून त्यांनी नोकरी सोडली, आणि नंतर काही घडलेच नाही अशा थाटात सोमवारी कामावर हजर झाले. पुढे कॉमेडियन जेरी साइनफेल्ड यांच्यासोबत केलेल्या 'साइनफेल्ड' मालिकेत त्यांनी हाच प्रसंग जॉर्ज या पात्राला दिला. प्रत्यक्षात त्यांचे निभावून गेले होते. मालिकेत जॉर्जचे निभावत नाही. सत्य घटना जशीच्या तशी ठेवण्याचा मोह त्यांनी टाळला, कारण जॉर्जचे निभावले असते तर तो जॉर्ज राहिला नसता.

सरावासाठी एक उपाय आहे. पानावरची पात्रांची नावे झाकून संवाद दुसऱ्याला वाचायला द्यावेत. कोण बोलते आहे हे त्याला नावांशिवाय ओळखता येत नसेल, तर नावांचा उपयोग केवळ हजेरीपुरता झाला आहे.

१२. दोन्ही कामे एकाच वेळी चालू ठेवता येतात का?

येतात, पण हंगाम पाडून. चित्रीकरण सुरू असताना रात्रीचे प्रयोग जमत नाहीत आणि मंचावरची धार दोन महिन्यांत बोथट होते. हंगामाच्या मधल्या सुट्टीत प्रयोग करणारे बरेच आहेत. कोनन ओब्रायन यांच्यासारखे काही जण मात्र लेखनाच्या बाजूने येतात : 'सॅटर्डे नाइट लाइव्ह' आणि 'द सिम्पसन्स'साठी लिहिल्यानंतर १९९३ साली ते स्वतः रात्रीच्या कार्यक्रमाचे सूत्रसंचालक झाले.

१३. एपिसोडमधले निम्मे विनोद माझे होते, पण श्रेयनामावलीत दुसऱ्याचे नाव आले. हा अन्याय नाही का?

खोलीत लिहिल्या जाणाऱ्या मालिकेत हे नेहमीचेच आहे. नाव बहुधा त्या लेखकाचे लागते, ज्याला तो एपिसोड सोपवलेला असतो. पुढच्या वेळी तुमच्या एपिसोडमध्ये इतरांचे विनोद असतील आणि नाव तुमचे असेल. हिशोब हंगामाचा धरावा. मात्र पाळी कधीच येत नसेल, किंवा संपूर्ण खर्डा तुमचा असूनही नाव गाळले असेल, तर गप्प बसू नये, कारण पुनःप्रक्षेपणाचे मानधन जेथे मिळते तेथे ते श्रेयाशी बांधलेले असते. अमेरिकेत अशा वादात लेखक संघटना मसुदे सहकारी लेखकांच्या लवादापुढे ठेवते, आणि मसुद्यांवर लेखकांची नावे नसतात. जेथे अशी व्यवस्था नाही, तेथे तारीख घातलेले मसुदे आणि करारातले श्रेयाचे कलम हाच तुमचा आधार असतो.

१४. माझा विनोद दुसऱ्याने मंचावर किंवा टीव्हीवर वापरला. तक्रार करता येते का?

आधी तो खरोखर तुमचाच विनोद आहे का, हे थंड डोक्याने पाहावे. कालच्या बातमीवर आज हजार लोक लिहितात आणि त्यांतले काही जण एकाच पंचवर पोहोचतात. स्वामित्वहक्क कल्पनेला संरक्षण देत नाही, तिच्या विशिष्ट शब्दरूपाला देतो. 'घड्याळ पुढे लावण्याची गंमत' कोणाच्याही मालकीची नाही. प्रश्न ४ मधली ती १८ शब्दांची रचना मात्र माझी आहे. विनोद जितका छोटा आणि बातमीला चिकटलेला, तितके त्याचे संरक्षण पातळ. अमेरिकेत विनोदलेखक ॲलेक्स केसबर्ग यांनी आपले विनोद वापरल्याबद्दल ओब्रायन (प्रश्न १२) यांच्या कार्यक्रमाविरुद्ध २०१५ साली दावा केला, तेव्हा न्यायालयाने नेमके हेच सांगितले : काही विनोदांपुरता दावा चालेल, पण संरक्षण पातळ असल्यामुळे जवळजवळ तंतोतंत साम्य दाखवावे लागेल. २०१९ साली ते प्रकरण तडजोडीने मिटले.

व्यवहारात न्यायालयापेक्षा व्यवसायातली पत अधिक काम करते. कॉमेडियन एकमेकांचे प्रयोग पाहतात आणि उचलेगिरी करणाऱ्याला काम मिळणे हळूहळू बंद होते. म्हणून आधी त्या व्यक्तीशी खाजगीत बोलावे, जाहीर आरोप शेवटी करावा. जाहीर आरोप करून आपणच चुकलो होतो असे निघाले, तर मागे येण्याची वाट राहत नाही.

१५. मालिकेसाठी लिहिलेला, पण कापला गेलेला विनोद मंचावर वापरता येतो का? आणि मंचावरचा विनोद मालिकेत?

पहिल्याचे उत्तर करारावर अवलंबून आहे. नोकरीच्या ओघात लिहिलेले सर्व लेखन निर्मात्याचे, अशी तरतूद असेल, तर कापलेला विनोदही त्यांचाच असतो. बहुतेक निर्माते विचारल्यावर हरकत घेत नाहीत, पण विचारावे. दुसरी दिशा अधिक धोक्याची आहे आणि तीच लोक विसरतात. स्वतःचा गाजलेला विनोद तुम्ही मालिकेत दिलात, की त्या रूपातले हक्क निर्मात्याकडे जाऊ शकतात, आणि उद्या तोच विनोद तुमच्या विशेष कार्यक्रमाच्या चित्रीकरणात घेताना अडचण येते. त्यासाठी आपल्या आधीच्या मजकुराची यादी कराराला जोडून तो वगळून घ्यावा. वकिलाला दाखवल्याशिवाय सही करू नये, हे येथे वेगळे सांगायला नको.

१६. दुसऱ्या कॉमेडियनसाठी पैसे घेऊन विनोद लिहून देणे ही फसवणूक आहे का?

नाही. फिलिस डिलर इतरांकडून विनोद विकत घेत आणि अनेक कार्डांवर त्या लेखकाचे नावही टिपून ठेवत. विकलेला विनोद नंतर स्वतः वापरू नये, एवढे पथ्य पाळावे.

१७. विनोदामुळे कायद्याच्या कचाट्यात सापडण्याची भीती किती खरी आहे?

देशोदेशीचे कायदे वेगळे आहेत, म्हणून स्थानिक सल्ला घ्यावा. पण मंच आणि प्रक्षेपण यांना लावलेले माप एकच नसते, हे लक्षात ठेवावे. अमेरिकी कॉमेडियन लेनी ब्रूस यांना १९६४ साली न्यूयॉर्कमध्ये मंचावरच्या मजकुराबद्दल अश्लीलतेच्या आरोपाखाली दोषी ठरवण्यात आले. १९६६ साली त्यांचा मृत्यू झाला आणि राज्यपालांनी त्यांना माफी दिली ती २००३ साली. तिथलेच कॉमेडियन जॉर्ज कार्लिन यांचा 'निषिद्ध शब्दां'वरचा मजकूर दुपारी रेडिओवर लागला, तेव्हा ते प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १९७८ साली न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ठरवले की मुले ऐकत असण्याच्या वेळी अशा प्रक्षेपणावर नियामक संस्था कारवाई करू शकते. तोच मजकूर सभागृहात चालत होता. म्हणून क्लबातला मजकूर दूरचित्रवाणीवर नेताना तो पुन्हा लिहिण्याची तयारी ठेवावी. केवळ शब्द गाळून चालत नाही, कारण गाळलेल्या शब्दाबरोबर लयही जाते.

१८. घरच्या माणसांवर विनोद करावेत का?

ज्यांच्यावर विनोद आहे ते पहिल्या रांगेत बसले असते तर तो केला असता का, एवढे स्वतःला विचारावे. लहान मुलांच्या बाबतीत हा प्रश्न त्यांच्या वीस वर्षांनंतरच्या वयाला विचारावा.

१९. कृत्रिम बुद्धिमत्तेने लिहिलेले विनोद आल्यावर लेखकांचे काय होणार?

हा प्रश्न २०२३ साली अमेरिकी लेखकांच्या संपात ऐरणीवर आला. २ मे ते २७ सप्टेंबर असा १४८ दिवस चाललेल्या त्या संपानंतरच्या करारात असे ठरले की यंत्राने तयार केलेल्या मजकुराला लेखकाचे श्रेय मिळणार नाही, कंपनी लेखकाला अशी साधने वापरण्याची सक्ती करू शकणार नाही, आणि दिलेला मजकूर यंत्राचा असेल तर तसे लेखकाला सांगावे लागेल. लेखकांच्या खोलीत किमान किती माणसे हवीत, याचेही नियम त्याच करारात आले, आणि माझ्या मते त्याची गरज अधिक होती, कारण खोली लहान होत गेली की नव्या लेखकाला शिकायला जागाच उरत नाही. हा करार एका देशातल्या एका संघटनेचा आहे. इतरत्र काम करणाऱ्यांनी आपल्या करारात हीच कलमे मागावीत. प्रत्यक्ष लेखनाबाबत म्हणाल, तर यंत्र घड्याळावर शंभर विनोद देते. प्रश्न ११ मधल्या सासऱ्यांनी त्यांतला कोणता बोलायचा, हे काम शिल्लक राहते आणि पैसे त्याचेच असतात.

२०. आम्ही दोघे जोडीने लिहीत होतो. जोडी फुटली. आता जुने विनोद कोणाचे?

लेखी काही ठरले नसेल, तर बहुधा दोघांचे, आणि म्हणून व्यवहारात कोणाचेच नाहीत. सर्वांत कमी कटकटीचा मार्ग म्हणजे दोघांनी एकत्र बसून यादी करावी. ज्याच्या आयुष्यातला प्रसंग असेल, तो विनोद त्याला द्यावा. उरलेले एकाआड एक निवडावेत. आणि ज्यावर एकमत होणार नाही, ते दोघांनीही सोडून द्यावेत. यादीवर दोघांनी तारखेसह सह्या कराव्यात. नवी जोडी जमवणार असाल, तर ही यादी पहिल्या दिवसापासून ठेवावी.